पॉइंट गेले? फोन ठेवा, मेल लिहा

लक्ष्मी रोडच्या दिवाळी खरेदीतून साठवलेले माझे क्रेडिट कार्डाचे ६,२०० रिवॉर्ड पॉइंट एका रात्रीत शून्य झाले. कस्टमर केअरला तीनदा फोन केला. तिघांनी तीन कारणं सांगितली. (दुपारी एक ते चारच्या दुकानदारालाही बरं म्हणायची वेळ आली.)

त्यातून शिकलो ते असं: फोनवर वाद घालू नका, तक्रार क्रमांक तेवढा मागा. मग बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. सोबत पॉइंट दाखवणारं जुनं स्टेटमेंट जोडा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा रिझर्व्ह बँकेचा अधिकारी) तक्रार करता येते. फी नाही, वकील नको. आधी बँकेकडे लेखी तक्रार हवीच, नाहीतर तिथे दाद लागत नाही.

वैतागून कार्ड बंद करणार असाल तर पॉइंट आधी वापरा. थकबाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं; उशीर झाल्यास बँकेने तुम्हाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. हे वाक्य मेलमध्ये घातलं की हालचाल होते.