ज्येष्ठांमधला छुपा दमा : कसा ओळखावा, कसा सांभाळावा

कोकणातल्या वाडीत सत्तरीच्या माणसाला पाखाडी चढताना धाप लागली, तर त्यात कोणाला आजार दिसत नाही. "आता वय झाला, दम लागतलोच" असे तो स्वतःच म्हणतो आणि घरचेही मान डोलावतात. वयानुसार फुप्फुसांची ताकद कमी होते हे खरे असले, तरी ती वर्षानुवर्षे संथपणे कमी होते. सोमवारी बरी असणारी आणि बुधवारी पहाटे उठवून बसवणारी धाप केवळ वयाची नसते. दमा लहानपणी होणारा आजार आहे, हा समजही अपुरा आहे. तो साठीनंतर पहिल्यांदाच सुरू होऊ शकतो, किंवा तरुणपणी शमलेला दमा म्हातारपणी पुन्हा डोके वर काढू शकतो.

उतारवयात श्वासनलिका आकसल्याची जाणीव बोथट होते, त्यामुळे तरुण रुग्णाला जिथे छाती आवळल्यासारखी वाटेल, तिथे वृद्धाला फक्त "आज बरे वाटत नाही" एवढेच जाणवते. शिवाय माणूस नकळत आपली हालचाल आखडून घेतो आणि हालचालच कमी झाल्याने धाप लागण्याचा प्रसंग येत नाही. म्हणून "दम लागतो का?" या प्रश्नाला बहुधा "नाही" असेच उत्तर मिळते. त्याऐवजी गेल्या वर्षभरात काय काय करायचे सोडले, हे विचारावे. आजोबा देवळात जाताना पायऱ्यांऐवजी लांबचा डांबरी रस्ता धरू लागले आहेत का, आजींनी विहिरीवरून कळशी आणणे सुनेवर सोपवले आहे का, भजनात पूर्वी एका श्वासात म्हटली जाणारी ओळ आता मध्येच तुटते का, जेवताना बोलणे थांबते का, हे पाहावे. गणपतीला किंवा शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्यांना हे बदल अनेकदा घरच्यांच्या आधी दिसतात, कारण रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांना हळूहळू होणारा फरक सरावून जातो.

रात्रीकडे विशेष लक्ष द्यावे. पहाटे दोन ते चारच्या सुमारास खोकल्याची उबळ येऊन जाग येणे आणि माणूस पडवीत येऊन बसणे, ही दम्याची ठळक खूण आहे. काहींना घरघर मुळीच नसते, फक्त कोरडा खोकला असतो. हसल्यावर, थंड पाणी प्यायल्यावर किंवा उदबत्तीच्या वासाने ठसका लागणे आणि प्रत्येक सर्दी छातीत उतरून तीन-तीन आठवडे रेंगाळणे, हेही त्याच दिशेने बोट दाखवते.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन आठवडे साध्या वहीत नोंद ठेवावी : रात्री किती वेळा जाग आली, त्या दिवशी घरात धूर होता का, पाऊस कसा होता, कोणते काम टाळले. जमल्यास पीक फ्लो मीटर घ्यावा. श्वास किती वेगाने बाहेर पडतो हे मोजणारे, हातात मावणारे हे साधे उपकरण आहे. उभे राहून, पूर्ण श्वास भरून त्यात जोराने फुंकर मारायची, असे तीनदा करून सर्वांत मोठा आकडा सकाळी आणि संध्याकाळी लिहायचा. दोन आठवड्यांत सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांमधील फरक सरासरीने १० टक्क्यांहून अधिक निघाला, तर दम्याचा संशय बळावतो.

मात्र वहीवरून निदान घरी करू नये, कारण या वयात दम्यासारखे दिसणारे आजार बरेच असतात. आडवे झाल्यावर धाप वाढत असेल आणि पावलांवर सूज असेल, तर हृदयाची तपासणी आधी व्हायला हवी. आयुष्यभर विडी ओढलेल्यांना किंवा चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांना श्वासनलिका कायमची अरुंद होण्याचा आजार, म्हणजे सीओपीडी, असू शकतो. त्यातली धाप दम्यासारखी येत-जात नाही, ती टिकून राहते. दोन्ही आजार एकाच व्यक्तीत असणेही दुर्मिळ नाही. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर क्षयासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी केंद्रात मोफत होते. पंडुरोग, म्हणजे रक्त कमी असणे, आणि आम्लपित्त हेही विसरू नयेत.

निदान पक्के करणारी मुख्य तपासणी स्पायरोमेट्री आहे. तीत यंत्रात जोराने श्वास सोडायला लावतात, मग श्वासनलिका सैल करणारे औषध देऊन काही वेळाने तेच पुन्हा करतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्के आणि किमान २०० मिलीलिटरने वाढली, तर दम्याच्या बाजूने पुरावा मिळतो. तालुक्याला सोय नसल्यास अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोस अशा जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी करावी. एकदा तपासणीत काही सापडले नाही म्हणून दमा नाहीच असे होत नाही, कारण बऱ्या दिवशी श्वासनलिका मोकळी असू शकते. म्हणूनच वही बरोबर न्यावी.

त्याच पिशवीत घरातली सगळी औषधे घालावीत, आणि त्यांत डोळ्यांचे थेंब हमखास असावेत. काचबिंदूसाठीचे टिमोलॉल हे औषध डोळ्यांत घातले तरी रक्तात उतरून श्वासनलिका आवळू शकते, आणि आपल्याला धाप लागते हे डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायचे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. रक्तदाबाच्या प्रोप्रानोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या गोळ्या दमा बिघडवू शकतात. रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांनी येणारा कोरडा खोकला दम्याचा वाटतो. सांधेदुखीसाठी घेतलेल्या ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी काहींना तीव्र झटका येतो. मात्र यांतले कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. हृदयाची गोळी अचानक थांबवणे दम्याहून धोक्याचे ठरू शकते.

उपचारांत सर्वांत मोठा अडथळा औषधाचा नसून पंपाविषयीच्या, म्हणजे श्वासावाटे औषध देणाऱ्या इनहेलरविषयीच्या, धास्तीचा आहे. पंपाची सवय लागते असे मानून माणसे गोळ्या आणि इंजेक्शने पसंत करतात. प्रत्यक्षात पंपातले स्टेरॉइड, म्हणजे श्वासनलिकेची सूज कमी करणारे औषध, मायक्रोग्रॅममध्ये असते आणि थेट श्वासनलिकेत जाते. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, "लगेच आराम" देणारी स्टेरॉइडची गोळी मात्र सर्वांगात पसरते. ती वारंवार घेतल्यास साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. थिओफिलिन या दम्यावरच्या जुन्या औषधाच्या गोळ्यांची मात्रा वृद्धांत थोडी जास्त झाली, तरी छातीत धडधड आणि उलट्या होतात. सूज कमी करणारा पंप बरे वाटत असतानाही रोज चालू ठेवावा लागतो. केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळण्याची पद्धत आता योग्य मानली जात नाही.

पंप कोणता, हे हातांची आणि श्वासाची ताकद पाहून ठरवावे. पावडरच्या पंपाला जोराने श्वास ओढावा लागतो, तो सर्व वृद्धांना जमत नाही. दाबण्याच्या पंपाला स्पेसर, म्हणजे मधली नळकांडी, जोडल्यास दाबणे आणि ओढणे यांची वेळ साधण्याची कसरत टळते. एक वेळ दाबून हळू, खोल श्वास घ्यावा आणि शक्य असल्यास दहा सेकंद रोखून मग दुसरा घ्यावा. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकावी, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता सावलीत वाळवावा. पंपात घालायच्या पावडरच्या कॅप्सूल पावसाळ्यातल्या दमट हवेत खराब होतात, म्हणून त्या झाकणबंद ठेवाव्यात आणि ऐन वेळी एकच काढावी. त्या गिळायच्या नसतात, हे पहिल्याच दिवशी करून दाखवावे. नातवंडांपैकी एकाने महिन्यातून एकदा पंप घेण्याची पद्धत समोर उभे राहून पाहिली, तर चुका लवकर सापडतात.

घराचा विचार ऋतूनुसार करावा लागतो. पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतींना ओल येऊन बुरशी धरते. ती साबणाच्या पाण्याने पुसावी आणि पुसणारा रुग्ण नसावा. ओले कपडे रुग्णाच्या खोलीत वाळत घालू नयेत. गणपतीआधी माळा झाडताना त्यांना शेजारी पाठवावे. आरतीत धूप आणि कापूर जळत असेल, तर दाराजवळ बसवण्यात देवाचा काही अवमान नाही. भात झोडणीच्या दिवसांत खळ्यापासून, उन्हाळ्यात राब भाजताना शेतापासून आणि अंगणातला पातेरा पेटवताना त्या धुरापासून त्यांना दूर ठेवावे. आंब्याच्या बागेत फवारणी चालू असताना खिडक्या बंद असाव्यात. स्वयंपाकाला गॅस आला तरी आंघोळीचे पाणी अजून अनेक घरी नारळाची सोडणे आणि झावळ्या जाळूनच तापते, आणि ती चूल बहुधा वृद्ध व्यक्तीच पेटवते. हे काम आधी काढून घ्यावे. चादरी साठ अंशांच्या गरम पाण्यात धुवाव्यात, गोधड्या आणि गाद्या मे महिन्याच्या उन्हात टाकाव्यात. फ्लूची लस दरवर्षी, आणि न्यूमोनियाची डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी.

गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा त्रास झाला, एकदाही दम्यामुळे रात्री जाग आली, आरामाचा पंप आठवड्यातून दोनदाहून अधिक लागला किंवा एखादे काम सोडावे लागले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे.

वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर होत असतील, गुंगी येत असेल, तर लगेच १०८ ला फोन करावा. घरघर अचानक ऐकू येईनाशी झाली आणि धाप तशीच असेल, तर ती सुधारणा नव्हे. गाडी येईपर्यंत रुग्णाला बसते ठेवावे आणि साल्ब्युटामॉलचे चार झोत स्पेसरमधून एकेक करून, प्रत्येकासोबत चार ते सहा श्वास घेऊन द्यावेत. चार मिनिटांत फरक न पडल्यास तेच पुन्हा करावे. घाटरस्त्याच्या किंवा खाडीपलीकडच्या गावात रुग्णवाहिकेला वेळ लागतो, म्हणून वाडीत रात्री कोणाची गाडी मिळेल, कोणाला ती चालवता येते आणि जवळचे ऑक्सिजन असलेले रुग्णालय कोणते, हे औषधांच्या यादीसह एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो फोनजवळ चिकटवावा. त्या यादीत डोळ्यांच्या थेंबांचे नावही असावे.