मीटरने 5 व्होल्ट दाखवले, तरी दोष वायरिंगमध्येच होता

आयटीआय करून गॅरेजला लागलो, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही केस. ऑटो इलेक्ट्रिकच्या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी ती सांगतो. मे महिना, बाहेर 38 अंश. ऑटो एसीवाली, म्हणजे ठरवलेलं तापमान आपोआप राखणारी गाडी आली. 24 वर सेट केलं की गरम हवा, ‘लो’ला टाकलं की थंडगार. म्हणजे गॅस, कॉम्प्रेसर ठीक. स्कॅनर (गाडीच्या कंट्रोलरमधले आकडे आणि दोष दाखवणारं यंत्र) लावला तर केबिनचं तापमान 12 अंश! म्हणून गरम हवा. फॉल्ट कोड, म्हणजे दोषाची नोंद, एकही नाही.

केबिनचं तापमान मोजणारा सेन्सर बहुधा डॅशबोर्डवरच्या बारीक जाळीमागे बसतो. गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो, गार झाला की चढतो. कंट्रोलर एका रेझिस्टरमधून त्याला 5 व्होल्ट देतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट पडतात त्यावरून तापमान ठरवतो. 25 अंशांना पुष्कळ सेन्सर 10 किलोओहमच्या आसपास असतात, काही 2 किलोओहमच्याही खाली, म्हणून त्या गाडीचं मॅन्युअल बघितल्याशिवाय सेन्सरला नावं ठेवू नका.

मी सेन्सरचा कपलर (वायरींचा जोड) काढून त्याच्या दोन पिनांना मीटर लावला. 5 व्होल्ट पूर्ण. वायरिंग बरी आहे असं धरलं, नवा सेन्सर घातला. आकडा पुन्हा 12.

उस्तादांनी विचारलं, “कपलर शॉर्ट करून बघितलंस का?”

कपलर मोकळा ठेवला तर आकडा खाली उणे 40 च्या आसपास जायला हवा, दोन पिना वायरीने जोडल्या तर वरच्या टोकाला. (काही गाड्या दोष कळताच ठरावीक आकडा धरतात; तिथे स्कॅनरवर व्होल्टेज बघा.) मोकळा ठेवल्यावर आकडा खाली गेला. पिना जोडल्या तर 21 वरच अडकला! म्हणजे वाटेत कुठेतरी जादा रेझिस्टन्स होता. मीटर स्वतः जवळजवळ करंट घेत नाही, त्यामुळे खराब जोडातूनही तो पूर्ण 5 व्होल्ट दाखवतो. मी फसलो तो इथेच.

मग कपलर लावून, मागून बारीक पीन घालून अर्थच्या (मायनसकडे जाणाऱ्या) वायरीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत व्होल्टेज मोजलं. 0.1 च्या आत हवं. 2 च्या वर निघालं. (जाड प्रोब पुढून खुपसू नका, पीन सैल होते आणि नवा दोष तयार होतो.)

वायर धरत धरत ग्लोव्ह बॉक्सच्या खाली पोचलो. कार्पेट दाबलं तर बोटांना ओल लागली. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली होती. तिथला जोडकपलर उघडला, तर अर्थची पीन हिरवी पडलेली, नखाने खरवडली की पोपटी पावडर पडत होती.

पिना बदलल्या, नळी मोकळी केली. आकडा 37 वर आला. जाळीवर टिश्यू पेपरचा तुकडा धरला, तो चिकटला. म्हणजे सेन्सरवरून हवा ओढली जात होती. ती ओढली जात नसेल तर सेन्सर चांगला असूनही आकडा चुकतो.

जुना सेन्सर मीटरला लावून एसीच्या गार हवेसमोर धरला. गारव्याने ओहम सरसर चढले. ठणठणीत होता. तोच परत बसवला आणि नव्याचे पैसे उस्तादांनी बिलातून काढले.