बेघर माणसाला मदत करायचीये? मग फक्त ब्लँकेट देऊन थांबू नका

सरकार गरजूंना मिळणारे भत्ते कमी करतं, निवाऱ्यांचं अनुदान कापतं, तेव्हा रस्त्यावरची माणसं वाढतात आणि त्याच वेळी त्यांच्यासाठी धावणारे हात कमी होतात. जे उरतात त्यांच्यावर इतक्या केसेस पडतात की फोन लागत नाही आणि लागलाच तर लांबची तारीख मिळते. ब्लँकेट, जेवण द्याच, ते लागतंच, पण माझ्या मते आज सगळ्यात जास्त कमी पडतंय ते म्हणजे एकाच माणसाच्या पाठीशी नेटाने उभं राहणारं कोणीतरी. आणि ते आपल्यासारख्या साध्या माणसालाही जमतं.

सुरुवात बोलण्यापासून. उभ्याने वाकून बोलू नका, खाली बसा, आपलं नाव सांगा, त्यांचं विचारा आणि मग "काही हवंय का?" एवढंच. बऱ्याचदा उत्तर अनपेक्षित येतं, कोरडे मोजे, सॅनिटरी पॅड, फोन चार्ज करून मिळेल का, चष्मा तुटलाय. मोजे तर खरंच मोठी गोष्ट आहे कारण दिवसचे दिवस ओल्या बुटात राहिलं की पाय सडायला लागतात आणि मग चालणंच बंद होतं. नको म्हणाले तर नको, दोन दिवसांनी परत जा. पैसे द्यायचे की नाही हे तुम्ही ठरवा पण दिले तर हिशोब मागू नका. आणि फोटो काढून कुठेही टाकू नका प्लीज, तो माणूस कोणापासून तरी लपत असू शकतो, विशेषतः बाई असेल तर.

निवाऱ्यात जायला नकार दिला तर लगेच "यांना मदतच नकोय" असं धरू नका. तिथे कुत्रा चालत नाही, नवरा-बायकोला वेगळं ठेवतात, सामान चोरीला जातं, मागे मारहाण झालेली असते, अशी कारणं असतात. विचारलंत तर सांगतात.

आता कागदपत्रं, कारण खरी अडचण इथेच आहे. रस्त्यावर राहणाऱ्याची पिशवी भिजते, चोरीला जाते, नाहीतर साफसफाईच्या गाडीत जाते आणि त्यातच ओळखपत्र असतं. म्हणून एक झिपवाली प्लास्टिक पिशवी द्या आणि त्यांची परवानगी घेऊन प्रत्येक कागदाचा फोटो त्यांच्याच ईमेलवर पाठवून ठेवा, ईमेल नसेल तर काढून द्या आणि पासवर्ड त्यांच्याकडेच राहू द्या. पत्रं कुठल्या पत्त्यावर येणार हेही बघा, काही संस्था आपला पत्ता वापरू देतात. भत्ता बंद होण्यामागे कितीदा तरी एवढंच असतं की अपॉइंटमेंटचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि फोन बंद होता, आणि कागदावर मात्र "गैरहजर" लागतं.

मग भत्त्यासाठी किंवा निवाऱ्यासाठी अर्ज करायचा त्या सरकारी ऑफिसात सोबत जा. बोलायचं त्यांनी, तुम्ही शेजारी बसायचं, वही-पेन घेऊन. बजेट कमी असलं की खिडकीवरूनच टोलवाटोलवी सुरू होते, "तुम्ही यात बसत नाही", "तिकडे जा", आणि माणूस परत फिरतो, अर्ज केल्याची कुठेच नोंद नाही, म्हणजे अपील करायला हातात काहीच नाही. म्हणून शांतपणे सांगा, अर्ज घ्या, पोचपावती द्या, नाकारायचा असेल तर कारणासकट लेखी द्या. कोण बोललं, किती वाजता, काय म्हणालं ते तिथेच लिहा. नकाराचं पत्र मिळालं की आधी अपिलाची मुदत बघा आणि फुकट कायदेशीर सल्ला देणारं कोणी असेल तर त्याच दिवशी गाठा. आवाज चढवू नका, खिडकीपलीकडचा माणूसही बहुतेक दमलेलाच असतो.

थंडीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. शरीराचं तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की ती इमर्जन्सी असते. बोलणं अडखळतंय, गोंधळल्यासारखं वागतायत, इतक्या थंडीत कुडकुडणं थांबलंय, तर दारू प्यायलेत असं समजून पुढे जाऊ नका, अॅम्ब्युलन्स बोलवा. ओले कपडे काढून कोरडं पांघरा, अंगाखालीही पुठ्ठा किंवा ब्लँकेट घाला, हातपाय चोळू नका, दारू अजिबात देऊ नका.

संस्थांना मदत करायची तर आधी फोन करून विचारा, जुने कपडे नेऊन टाकू नका. दर महिन्याला ठरलेली छोटी रक्कम आली तर त्यांना जास्त उपयोग होतो, पगार आणि भाडं त्यातूनच जातं.

आणि लोकप्रतिनिधीला पत्र लिहा, बजेट ठरायच्या आधी. "बेघरांसाठी काहीतरी करा" असं मोघम नको, कुठला निवारा बंद होतोय, त्यात किती खाटा होत्या, ते लिहा. हे सुटत नाही असं कोणी म्हणालं तर सांगा, 1992 साली न्यूयॉर्कमध्ये आधी घर आणि मग उपचार असं काम सुरू झालं, व्यसन सोडल्याची अट न घालता, आणि फिनलंडने 2008 पासून तेच राष्ट्रीय धोरण केलं, निवाऱ्यांचे भाड्याचे फ्लॅट केले आणि तिथली दीर्घकाळची बेघरी बरीच कमी झाली.

शेवटचं, आपल्याच ओळखीत कोणी भाडं थकल्यामुळे मित्रांकडे दिवस काढत असेल किंवा गाडीत झोपत असेल तर तेही बेघरच आहेत, फक्त कोणाला दिसत नाहीत. घर सोडायची नोटीस आलीये असं कळलं तर सल्ला घेतल्याशिवाय किल्ली परत देऊ नका म्हणावं, आणि नोटीस घेऊन त्यांच्यासोबत त्याच आठवड्यात सल्ला केंद्रात जा.