फिट्स हेडर सामायिक डेटाबेसमध्ये भरताना या चुका टाळा

दोन-तीन दुर्बिणींची निरीक्षणं एकाच पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आणायची, तर फिट्स फाइलचं (खगोल निरीक्षणं साठवायचं प्रचलित स्वरूप) हेडर, म्हणजे सुरुवातीची माहितीची यादी, वाचून त्यातल्या प्रत्येक कीवर्डला (नोंदीच्या नावाला) एक कॉलम द्यावा, एवढंच काम दिसतं. भरणा बिनतक्रार होतो. घोळ दिसतो तो कोणी स्थानावरून किंवा वेळेवरून शोधायला लागल्यावर.

सर्वांत नेहमीची चूक विषुवांशाची, म्हणजे आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान सांगणाऱ्या आकड्याची. क्रॅब नेब्युलाचा विषुवांश एका हेडरमध्ये ०५:३४:३२ असा तासांत, तर दुसऱ्यात ८३.६३३ असा अंशांत असतो. पहिला ५.५७६ होऊन अंशांच्या कॉलममध्ये बसला, तर नेब्युला ७८ अंश सरकतो आणि डेटाबेस हूं की चूं करत नाही, कारण ५.५७६ हाही वैध अंश आहे. प्रत्येक उपकरणामागे विषुवांशाची कमाल किंमत काढून पाहा. ती २४च्या आत अडकली असेल, तर तास तसेच आत आलेत, १५ने गुणा.

क्रांतीचं (आकाशातलं उत्तर-दक्षिण स्थान सांगणाऱ्या आकड्याचं) ऋण चिन्ह गुपचूप हरवतं. एम ७७ची क्रांती −००:००:४८. तिचा पहिला भाग पूर्णांकात बदलला की −० चा ० होतो आणि ही दीर्घिका खगोलीय विषुववृत्ताच्या उत्तरेला जाते. फरक फक्त ९६ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), म्हणून नजरेतही भरत नाही. चिन्ह आधी मजकुरातूनच वेगळं काढा, अंश-कला-विकला मग.

वेळेच्या कॉलमला ‘रिअल’ प्रकार देणं ही आमच्या मते सर्वांत महागडी चूक. हा प्रकार २४ बिटांची अचूकता ठेवतो. सुधारित ज्युलियन दिनांक (दिवसांची सलग मोजणी) ६०,०००च्या आसपास असताना शेजारच्या दोन साठवता येणाऱ्या किमतींत १/२५६ दिवसाचं, म्हणजे साडेपाच मिनिटांहून जास्त अंतर पडतं. दहा-दहा सेकंदांच्या तीसेक फ्रेम (टिपलेल्या प्रतिमा) एकाच क्षणी घेतल्यासारख्या दिसतात. मग कुणीतरी ‘डुप्लिकेट’ समजून त्या पुसतो! विषुवांशालाही ३०० अंशांजवळ ०.११ विकलांची पायरी पडते. दोन्हींना ‘डबल प्रिसिजन’ हा जास्त अचूक प्रकार द्या. नंतर प्रकार बदलून गेलेले आकडे परत येत नाहीत, हेडर पुन्हा वाचावंच लागतं.

तारखेचं दुखणं वेगळं. डेट-ऑब्स, म्हणजे हेडरमधली निरीक्षणाची तारीख-वेळ, सहसा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते आणि यूटीसीचा दिवस भारतात पहाटे साडेपाचला बदलतो. पुण्याजवळच्या गिरवलीच्या दुर्बिणीवर हिवाळ्यात पहाटे सव्वासहाला घेतलेले फ्लॅट (कॅमेऱ्याची असमान संवेदनशीलता सुधारण्यासाठी घेतलेल्या एकसारख्या उजेडाच्या प्रतिमा) त्यामुळे रात्रीच्या इतर फ्रेमपेक्षा पुढच्या तारखेत जातात आणि ‘या रात्रीचे फ्लॅट नाहीत’ अशी तक्रार येते. ‘रात्र’ नावाचा वेगळा कॉलम ठेवा: यूटीसीतून साडेसहा तास वजा करून उरलेली तारीख. ही वजाबाकी भारतापुरती. चिलीतल्या दुर्बिणीला तिचा स्वतःचा आकडा लागेल.

ऑब्सकोर या निरीक्षणांच्या नोंदींसाठीच्या मानकात तरंगलांबी मीटरमध्ये द्यायची असते. रेडिओवाले वारंवारता देतात आणि बदल करताना टोकं उलटी होतात हे विसरतात. १०५० ते १४५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची किमान तरंगलांबी १४५०ची, ०.२०६८ मीटर, कमाल १०५०ची, ०.२८५५. किमान कमालहून मोठी असेल तर ओळ नाकारणारी अट टेबलावरच घाला.

वस्तूच्या नावावर शोध बांधू नका. एम १, एनजीसी १९५२, टॉरस ए, ३सी १४४ ही सगळी क्रॅबचीच नावं. शोध स्थानावरून द्या, पण ‘३५९.८ ते ०.२ दरम्यान’ अशी साधी अट एकही ओळ देणार नाही. क्यूथ्रीसी किंवा पीजीस्फिअर ही आकाशातल्या स्थानांवरून शोधणारी पोस्टग्रेसची जोडणी वापरा.

सामायिक डेटाबेसमध्ये दुरुस्ती करणारे हात अनेक असतात. मूळ हेडर जसंच्या तसं मजकुराच्या कॉलममध्ये ठेवा आणि त्यावर लिहिण्याचा हक्क कोणालाच देऊ नका. दुरुस्ती वेगळ्या टेबलात जावी: फाइलचा क्रमांक, कीवर्ड, जुनी किंमत, नवी किंमत, कोणी, कधी, का. शोधाचं टेबल या दोन्हींतून केव्हाही नव्यानं बांधता आलं पाहिजे. ते एकदा मुद्दाम पुसून बांधून पाहा; ओळींची संख्या जुळली नाही, तर कोणीतरी थेट शोधाच्या टेबलात हात घातलाय.