रोमन साम्राज्यातला ख्रिस्ती धर्माचा उदय: लिहिताना या चुका टाळा

या विषयावरच्या मराठी लेखांची ठरलेली गोष्ट अशी: सम्राट नीरोपासून तीनशे वर्षं ख्रिस्ती लोकांचा अखंड छळ, मग सम्राट कॉन्स्टंटाइनला आकाशात क्रॉस दिसला आणि इ.स. 313 मध्ये ख्रिस्ती धर्म राजधर्म झाला. या एका वाक्यात किमान तीन दुरुस्त्या लागतात.

शेवटची आधी घेऊ. 313 च्या फेब्रुवारीत पश्चिमेचा सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याचा सहसम्राट लिसिनियस मिलानमध्ये भेटले, त्यांच्यात समझोता झाला. पण 'मिलानचा जाहीरनामा' म्हणून आपण जो मजकूर वाचतो, ते लिसिनियसचं पत्र आहे आणि ते 13 जून 313 रोजी निकोमीडियात (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) लावलं गेलं. त्यात सगळ्यांनाच आपापल्या उपासनेची मोकळीक आहे, आणि ख्रिस्ती समाजाच्या जप्त जागा मोबदला न घेता परत करण्याचा हुकूम आहे. अधिकृत धर्माचा त्यात उल्लेखही नाही. पूर्वेकडची बंदी तर त्याच्याही दोन वर्षं आधी, 311 च्या एप्रिलमध्ये, खुद्द छळ करणाऱ्या सम्राट गॅलेरियसने उठवली होती. अधिकृत धर्मासाठी तारीख द्यायची तर सम्राट थिओडोसियसच्या काळातला थेस्सलोनिकीचा हुकूम द्या: 27 फेब्रुवारी 380. मधली 67 वर्षं गिळू नका. आणि 'राजधर्म' हा शब्दही टाळा. मराठीत त्याचा अर्थ राजाचं कर्तव्य असा आहे. 'राज्याचा अधिकृत धर्म' लिहा.

आकाशातल्या चिन्हाचंही तसंच. त्या काळचा ख्रिस्ती लेखक लॅक्टँशियस फक्त कॉन्स्टंटाइनच्या स्वप्नाबद्दल लिहितो. भर दुपारी आकाशात दिसलेलं चिन्ह इतिहासकार युसेबियसच्या कॉन्स्टंटाइन-चरित्रात येतं, आणि ते चरित्र सम्राटाच्या मृत्यूनंतरचं, म्हणजे 337 नंतरचं आहे. दोन्ही कथा एकत्र कालवू नका.

आता 'अखंड छळ'. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. 64 साली नीरोने ख्रिस्ती लोकांचा जो छळ केला तो रोम शहरापुरता होता. इ.स. 112 च्या सुमारास बिथिनिया-पाँटसचा प्रांताधिकारी धाकटा प्लिनी सम्राट ट्रेजनला विचारतो, की या लोकांचं करायचं काय? प्लिनी आरोपीला तीनदा विचारायचा, की तू ख्रिस्ती आहेस का? 'हो, मी ख्रिस्ती' यावर ठाम राहिला तर देहदंड. रोमन नागरिक असेल तर रोमला रवानगी. नाकारणाऱ्याने देवांची प्रार्थना करायची, सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप आणि द्राक्षारस वाहायचा, ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायचे, की सुटका. ट्रेजनचं उत्तर मोजक्या शब्दांत आहे: त्यांना शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका. हे धोरण नीट समजलं की पुढची बरीच गडबड टळते.

साम्राज्यभर हुकूम निघाला तो 249-50 मध्ये, सम्राट डेशियसचा. पण तोही 'ख्रिस्ती लोकांना पकडा' असा नव्हता. सगळ्यांनी देवांना बळी द्यावा, अर्पण चाखावं आणि तसं केल्याचा दाखला घ्यावा, असा होता. इजिप्तमध्ये असे चाळीसहून अधिक पपायरस-दाखले सापडले आहेत. एकावर अर्जदाराचं वय 72 आणि ओळखीची खूण 'उजव्या भुवईवर व्रण' अशी नोंद आहे. आपल्या सरकारी फॉर्मसारखीच. दाखला मिळाला म्हणजे तो माणूस धर्म सोडलेला ख्रिस्ती, असा निष्कर्ष मात्र काढू नका. एक दाखला इजिप्तचा मगरदेव पेतेसूखोस याच्या पुजारिणीचाही आहे!

सम्राट डायोक्लेशियनने केलेल्या छळाबद्दल (23 फेब्रुवारी 303 पासून) लिहिताना कोणता हुकूम आणि कोणता प्रांत, हे प्रत्येक वाक्यात तपासा. पहिल्या हुकमात चर्च पाडणं आणि ग्रंथ जाळणं होतं. सगळ्यांनी बळी द्यावा हा चौथा हुकूम 304 चा. गॉल (आजचा फ्रान्स) आणि ब्रिटनमध्ये मात्र तिथला शासक कॉन्स्टँशियसने इमारती पाडण्यापलीकडे फारसं काही केलं नाही.

धर्म वाढला कशाने, यावर 'चमत्कार' किंवा 'तलवार' असं एका शब्दात उत्तर देणं ही पुढची चूक. 300 पर्यंत तलवार ख्रिस्ती लोकांच्या हातात नव्हतीच. उत्तर कागदपत्रांत दिसतं. 19 मे 303 रोजी उत्तर आफ्रिकेतल्या सिर्ता शहरात चर्चची झडती झाली, त्याची यादी उपलब्ध आहे: सोन्याचे 2 प्याले, चांदीचे 6, आणि मग बायकांचे 82 अंगरखे, पुरुषांचे 16, बायकांच्या पादत्राणांचे 47 जोड. हे कोठार गरिबांना वाटण्यासाठी असावं, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. 251 च्या सुमाराचं रोमच्या बिशपचं पत्र सांगतं, की तिथलं चर्च 1500 हून अधिक विधवा आणि गरजूंना पोसत होतं. वाढीची आकडेवारी देताना जपा: 40 साली 1000 माणसं आणि दर दशकाला 40 टक्के वाढ धरली तर 300 पर्यंत सुमारे 63 लाख होतात. पण हा हिशेब आहे, शिरगणती नव्हे.

किरकोळ पण हमखास होणाऱ्या चुका: रोममधली भुयारं, म्हणजे कॅटॅकोम्ब, ही दफनभूमी होती, लपायची जागा नव्हे. 325 च्या निकाया इथल्या बिशपांच्या परिषदेत बायबलची पुस्तकं ठरली नाहीत. वाद एरियस या धर्मगुरूच्या, ख्रिस्त देवपित्याच्या बरोबरीचा नाही या मताचा होता. नव्या कराराच्या 27 पुस्तकांची यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या 367 च्या पत्रात मिळते. युसेबियस दोन आहेत: इतिहासकार सिझेरियाचा, मरणासन्न कॉन्स्टंटाइनला बाप्तिस्मा देणारा निकोमीडियाचा.

'पेगन'साठी (म्हणजे ख्रिस्ती किंवा ज्यू नसलेल्यांसाठी) 'मूर्तिपूजक' लिहिण्याची सवयही सोडा. रोमन धर्माचा गाभा मूर्ती नव्हती, बळी होता. म्हणून तर चौकशीत बहुधा कसोटी हीच असायची: देवांना अर्पण वाहणार की नाही?