मोठ्या सेडानचे ब्रेक पॅड आणि डिस्क: काय मोजायचं, काय घ्यायचं, बसवताना कुठे चुकतं

‘अमुक हजार किलोमीटर झाले की पॅड बदला’ हा हिशेब मुंबईत चालत नाही. बोरिवलीहून नरिमन पॉइंटला रोज सिग्नल-सिग्नल रेंगाळत जाणारी स्कोडा सुपर्ब आणि आठवड्यातून एकदा अटल सेतूवरून जाणारी सुपर्ब, दोघींचे पॅड एकाच वेळी संपतील कसे? त्यामुळे किलोमीटर विसरा आणि मोजून बघा.

नव्या पॅडवर घर्षणाचा मसाला साधारण १० ते १२ मिमी असतो. तो ३ मिमीवर आला की नवे पॅड मागवायचे, २ मिमीवर आला की गाडी बाहेर काढायची नाही. मसाल्यामागची लोखंडी प्लेट ५-६ मिमी जाड असते, ती यात धरू नका. व्हीलच्या फटीतून टॉर्च मारून ‘अजून बराच आहे’ म्हणणं धोक्याचं, कारण तिथून फक्त बाहेरचा पॅड दिसतो. आतला, म्हणजे पॅड दाबणाऱ्या पिस्टनकडचा, बहुतेक वेळा आधी झिजतो. चाक काढूनच बघा. बाहेर ६ मिमी आणि आत २ मिमी असेल तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या शिकंज्याच्या) सरकत्या पिना जाम आहेत किंवा पिस्टन नीट मागे सरत नाही. ते दुरुस्त न करता घातलेले महागडे पॅडही तसेच एका बाजूने जातील.

डिस्क राहू द्यायची की बदलायची

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर ‘मिन टीएच’ आणि पुढे एक आकडा कोरलेला असतो. ही किमान जाडी. गंजाने अक्षरं बुजली असतील तर वायर ब्रशने घासा, दिसतील. मोजायला व्हर्नियर वापरू नका. पॅड जिथपर्यंत पोचत नाही तिथे डिस्कच्या काठाला उंचवटा उरतो, व्हर्नियरचे जबडे त्यावर टेकतात आणि जाडी एखाद-दोन मिमी जास्त दिसते. मायक्रोमीटर घ्या, काठापासून १०-१५ मिमी आत, गोल फिरत आठ ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी आकडा धरा.

समजा पुढची डिस्क नवी असताना २८ मिमी होती, किमान जाडी २६ आणि आता भरली २६.६. वरवर ०.६ मिमी शिल्लक दिसतं आणि गॅरेजवाला ‘चालेल’ म्हणतो. पण पॅडच्या पहिल्या सेटने १.४ मिमी खाल्ले आहेत. दुसरा सेटही तेवढेच खाणार, म्हणजे अर्ध्या वाटेत डिस्क किमान जाडीच्या खाली जाणार. इथे डिस्क आत्ताच बदलायची. तीच डिस्क २७.४ भरली असती आणि वर खोल चरे नसते, तर नुसत्या पॅडवर भागलं असतं. बदलायची तर एका एक्सलच्या दोन्ही बाजू एकदमच. एकच बाजू बदलली की जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडे ओढते.

लेथवर डिस्क मारून (खरवडून सपाट करून) घेण्याचा सल्ला सर्रास मिळतो. त्यात जाडी आणखी कमी होते, आणि मोठ्या सेडानमध्ये आधीच मिमीभर उरलेली असताना त्याला अर्थ नाही.

‘डिस्क बेंड झाली’ हे निदानही तपासून घ्या. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं तेव्हा डिस्क खरोखर वाकलेली क्वचितच असते. तिची जाडी ठिकठिकाणी वेगळी झालेली असते, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागातला एक-दोन अंकांचा फरकसुद्धा पायाला जाणवतो. याचं एक कारण हबवरचा, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा गंज. खारट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात हबवर पापुद्रा धरतो, नवी डिस्क त्यावर तिरकी बसते, दर फेरीला एकच जागा पॅडला घासते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते. तोवर बिल विसरलेलं असतं आणि दोष डिस्कच्या कंपनीला जातो. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळी माप) लावून फिरत्या डिस्कचा डोल बघता येतो; ०.०५ मिमीच्या आत हवा.

कोणता पॅड, कोणती डिस्क

आधी माप पक्कं करा. एकाच मॉडेलमध्ये इंजिन आणि वर्षाप्रमाणे डिस्कचे दोन-तीन व्यास असतात; ‘सुपर्बचे पुढचे पॅड द्या’ एवढ्यावर दुकानदार देईल ते बसेलच असं नाही. आरसीवरचा १७ अंकी चासी नंबर देऊन पार्ट नंबर काढायला सांगा. स्कोडा, फोक्सवॅगन, ऑडीत स्टेपनीच्या खड्ड्यातल्या किंवा सर्व्हिस बुकातल्या स्टिकरवर तीन अक्षरी पीआर कोड (गाडीत कारखान्यातून काय बसवलंय त्याच्या खुणा) असतात, त्यातला एक पुढच्या आणि एक मागच्या ब्रेकचा. युरोपियन गाड्यांच्या जुन्या पॅडच्या प्लेटवर पाच अंकी डब्ल्यूव्हीए नंबर (पॅड ओळखण्याचा क्रमांक) छापलेला असतो, तोही जुळवा.

मसाल्याचे ढोबळ तीन प्रकार. जर्मन गाड्यांना मुळातून येणारा लो-मेटॅलिक: पाय ठेवल्याबरोबर पकडतो, तापला तरी टिकतो, पण अलॉय व्हील दोन दिवसांत काळी करतो आणि डिस्कही खातो. सिरॅमिक: शांत, धूळ कमी आणि फिकट, डिस्कला सौम्य, पहिली पकड थोडी मऊ वाटते. सेमी-मेटॅलिक: उष्णता छान झेलतो, पण गार असताना आवाज करतो. शहरातच फिरणाऱ्या टोयोटा कॅमरी किंवा मर्सिडीज ई-क्लाससाठी चांगल्या कंपनीचा सिरॅमिक किंवा कमी धुळीचा पॅड आम्ही सुचवू. दर शनिवार-रविवारी चार माणसं आणि सामान भरून खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट उतरत असाल, तर मूळ जातीचाच पॅड घ्या आणि काळी व्हील धुवा. घाटात खालच्या गिअरमध्ये उतरणं कोणत्याही मसाल्यापेक्षा जास्त कामाचं, हे वेगळं.

पॅडच्या प्लेटवर किंवा कडेला ‘एफएफ’, ‘जीजी’ अशी जोडअक्षरं दिसतात. पहिलं अक्षर साधारण तापमानातलं घर्षण, दुसरं तापल्यावरचं. ‘ई’ म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ ०.३५ ते ०.४५, ‘जी’ ०.४५ ते ०.५५. दीड टनाच्या वरच्या गाडीत ‘ई’ घालू नका. ही अक्षरं टिकाऊपणाबद्दल काहीच सांगत नाहीत. आर९० ही युरोपची खूण असेल तर अधिक भरवसा: पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आसपास राहते का, हे त्यात तपासलेलं असतं.

डिस्क साधी, व्हेंटिलेटेड (मधून हवा खेळणारी), गंजरोधक कोटिंग असलेली घ्या. कोटिंगवर दिलेले चार पैसे मुंबईत वसूल होतात, कारण टोपी आणि कडा लवकर गंजत नाहीत. भोकं पाडलेली डिस्क रोजच्या गाडीला नको. दिसायला झकास, पण भोकांपासून तडे सुरू होतात. हायब्रिड कॅमरीत बराचसा ब्रेक मोटरच लावते, त्यामुळे पॅड खूप टिकतात आणि डिस्क झिजण्याआधी गंजून जाते. तिथे कोटिंग हवंच.

ऑपेरा हाऊस-लॅमिंग्टन रोडच्या पट्ट्यात टीआरडब्ल्यू, एटीई, टेक्स्टार, बॉश, ब्रेम्बो अशी नावं मिळतात, आणि त्याच नावांचा डुप्लिकेट मालही फिरतो. पक्कं बिल घ्या, खोक्यावरचा आणि प्लेटवरचा नंबर एकच आहे ना ते बघा, मसाल्याच्या कडा ठिसूळ वाटल्या किंवा प्लेटमागची शिम (आवाज दाबणारी पातळ पत्री) नसली तर परत करा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून दरवाजा, आरसा, दिवा खुशाल आणा. वापरलेली डिस्क आणू नका.

बसवताना

इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर मागचं काम स्कॅनरशिवाय सुरूच करायचं नाही. आधी स्कॅनरने ब्रेक सर्व्हिस मोडमध्ये घ्यायचा, मग पिस्टन मागे. क्लॅम्पने तसाच दाबला की आतली मोटर आणि गिअर तुटतात आणि पॅडचं काम कॅलिपरच्या खर्चावर जातं. साध्या हँडब्रेकच्या कॅलिपरमध्ये मागचा पिस्टन बहुधा फिरवत आत न्यावा लागतो. हायब्रिड कॅमरीचा ब्रेक घरी उघडू नका. नुसतं दार उघडल्यावरही त्यातला ब्रेकचा पंप जागा होऊन दाब देऊ शकतो.

बाकी क्रम सरळ आहे. कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. हब चकचकीत होईपर्यंत घासा. नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असेल तर ब्रेक क्लीनरने पुसा. पिनांना सिलिकॉन ग्रीस. साधं पिवळं ग्रीस लावलं की रबर फुगून पिन पुन्हा जाम. पॅडच्या कानांना (ब्रॅकेटमध्ये सरकणाऱ्या टोकांना) ब्रेकचं ग्रीस अगदी पातळ, मसाल्याला बोटही लागू देऊ नका. बीएमडब्ल्यूसारख्या गाडीत वॉर्निंग लागून गेली असेल तर पॅडची झीज सांगणाऱ्या सेन्सरची वायर घासून तुटलेली असते, ती नवीच घालायची. व्हीलचे बोल्ट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळा: आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये. एअर गनने ठोकलेले असमान बोल्ट डिस्कला ताण देतात.

ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर याच वेळी बदला. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर हा आकडा १५५ पर्यंत उतरतो, आणि दमट हवेत पाणी शोषायला वेळ लागत नाही.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. हे विसरलं की पहिल्याच वळणावर पेडल तळाला जातं आणि समोर सोसायटीचं गेट असतं.

मग पॅड बसवून घ्यायचे. पहाटे, पाम बीच रोडसारख्या मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा, मध्ये अर्धा-अर्धा मिनिट जाऊ द्या. पूर्ण थांबू नका. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरला की तिथे मसाल्याचा ठसा उमटतो आणि थरथर परत येते. शेवटी पाच-दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून गार करा. शंभरेक किलोमीटरनंतर बोल्टचा टॉर्क पुन्हा बघा. पावसाळ्यात सकाळी पहिले दोन-तीन ब्रेक करकरले तर घाबरू नका, रात्रीतून चढलेला गंज निघतोय. दहाव्या ब्रेकलाही आवाज असेल तर चाक काढा.