करटीची वाटी ऑनलाइन विकताना: बाजारातल्या वहीने शिकवलेले लिस्टिंग

आमच्या गोव्यात नारळाच्या करवंटीला करटी म्हणतात. डिचोली तालुक्यातल्या आमच्या घरी या करटीच्या वाट्या, दवल्या (वाढायचे डाव) आणि दिवे तयार होतात. कापणे आणि घासणे माझे दीर करतात. तेल लावणे, फोटो काढणे, लिहिणे आणि पार्सल बांधणे माझ्याकडे. ऑनलाइन दुकान उघडले तेव्हा वाटीखाली मी लिहिले होते, ‘नारळाच्या करवंटीची सुंदर, पर्यावरणपूरक, हस्तनिर्मित वाटी. आपल्या घराची शोभा वाढवेल.’ दोन महिन्यांत एकही वाटी गेली नाही. तीच वाटी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मात्र दुपारपर्यंत संपायची.

या गोष्टीचा मी बरेच दिवस विचार केला. बाजारात मी वाटीचे वर्णन कधीच करत नव्हते. माणूस वाटी उचलायचा, उलटी करून बूड बघायचा, नाकाजवळ न्यायचा आणि मग विचारायचा. मी उत्तर द्यायची. ऑनलाइन गिऱ्हाइकाला उचलता येत नाही, उलटी करता येत नाही, विचारायलाही तो सहसा थांबत नाही, पुढच्या दुकानात जातो. मग मी एक शंभर पानी वही घेतली आणि सलग सहा शुक्रवार प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा लिहून काढला. ‘हांतूंत गरम घाल्यार चलता?’, ‘इसमें सूप डाल सकते हैं?’, ‘अशाच सहा मिळतील का?’, ‘रंग लावलाय की असाच आहे?’, ‘खोबऱ्याचा वास येत राहतो का?’, ‘घासणीने घासली तर?’ कोणता प्रश्न आधी येतो तेही टिपले. जवळजवळ सगळेजण आधी आकार आणि गरम पदार्थ यांबद्दल विचारत होते. पर्यावरणपूरक आहे का, असे सहा शुक्रवारांत दोघांनीच विचारले.

नवीन दुकान टाकणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. तुमची वस्तू क्रोशाची असो, बांबूची पाटी असो की डिचोलीच्या मातीची पणती, आधी ती चार दिवस माणसांच्या हातात द्या. बाजार नसेल तर शेजारणींना द्या, जत्रेच्या फेरीत न्या, आणि त्या काय विचारतात ते लिहा. तुमच्या लिस्टिंगचा, म्हणजे ऑनलाइन दुकानातल्या वस्तूच्या पानाचा, मजकूर त्याच वहीत असतो, त्याच क्रमाने.

आकाराबद्दल मी स्वतः एक मार खाल्ला आहे. मी ‘मोठी वाटी’ असे लिहिले होते. पुण्याच्या एका बाईंनी चार मागवल्या आणि ‘यात वाढपाचा भातही मावत नाही’ म्हणून परत पाठवल्या. त्यांचे काही चुकले नव्हते. माझी मोठी म्हणजे करटीतली मोठी, त्यांची मोठी म्हणजे स्वयंपाकघरातली मोठी. तेव्हापासून मी ‘लहान’, ‘मध्यम’, ‘मोठी’ हे शब्द एकटे वापरत नाही. तोंडाचा व्यास १२ ते १३ सेंटिमीटर, उंची ६ ते ७ सेंटिमीटर, काठोकाठ ३५० ते ४०० मिलिलिटर पाणी, असे लिहिते. पाणी मोजायला औषधाच्या बाटलीचे मापटे पुरते. शिवाय एक वाक्य रोजच्या भाषेत: ‘एका माणसाची पेज आरामात मावते, वाढपासाठी ही लहान पडेल.’ हे दुसरे अर्धे वाक्य लिहायला जिवावर येते, कारण आपल्याच मालाची उणीव आपण सांगत असतो. पण ते लिहिल्यापासून आकारावरून एकही पार्सल परत आलेले नाही.

आकडे एकच न देता ‘१२ ते १३’ असे दोन टोकांत द्या. करटी नारळागणिक बदलते. ‘प्रत्येक नग वेगळा’ हे वाक्य सगळेच टाकतात आणि कोणी वाचत नाही. नेमके काय वेगळे असेल ते लिहा: रंग फिकट तपकिरीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत, काठ थोडा वरखाली, बुडाशी नारळाचे तीन डोळे कधी दिसतील कधी नाही. सहाचा संच मागणाऱ्यासाठी मी जुळवून संच लावते आणि फोटोही त्याच संचाचा टाकते.

आता फोटो. माझा सगळ्यात जास्त वेळ यात गेला, म्हणून जरा सविस्तर सांगते. आमचे घर जुने, जमीन लाल सिमेंटची. बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, ती लाल जमीन इतकी देखणी दिसते की सुरुवातीचे सगळे फोटो मी तिच्यावरच काढले. मग तक्रारी आल्या: ‘फोटोत वाटी लालसर होती, आली ती काळपट.’ जमिनीवरून उसळलेला लाल प्रकाश वाटीच्या तेल लावलेल्या अंगावर पडत होता, आणि मोबाइलचा कॅमेराही त्या लालीला भुलून रंग बदलत होता. आता मी खाली पांढरा पुठ्ठा ठेवते, त्यावर धुवट रंगाचे सुती कापड. सकाळी आठ ते साडेनऊ, पूर्वेच्या खिडकीशी, थेट ऊन न पडता येणारा उजेड. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला की सावलीतली बाजूही उजळते. घरातला पिवळा दिवा बंदच. एवढ्यावर फोन साधा असला तरी काम भागते.

कोणते फोटो काढायचे, तेही वहीने ठरवले. पहिला फोटो वस्तूचा एकटीचा, चौकटीच्या मधोमध, चारी बाजूंना थोडी मोकळी जागा ठेवून, कारण शोधाच्या यादीत चित्राच्या कडा कापल्या जातात. मग हातात धरलेली वाटी, कारण हात सगळ्यांना ठाऊक असतो आणि शेजारी ठेवलेल्या फुलावरून काही कळत नाही. मग उलटी केलेली, बूड दिसेल अशी. मग काठ जवळून, घासकाम दिसेल असा. मग पेज वाढलेली. आणि शेवटी खोट असलेला नग, म्हणजे नैसर्गिक रेघ किंवा डाग असलेला, ‘असेही येऊ शकते’ असे सांगून. हा शेवटचा फोटो दीर टाकू देत नव्हते. मी हट्टाने टाकला. आज गिऱ्हाइके मुद्दाम ‘ती रेघवाली असेल तर द्या’ म्हणून मागतात.

शीर्षकाबाबत माझे मत ठाम आहे: तुमच्या घरात वस्तूला काय म्हणतात ते पोटात राहू द्या, पुढे गिऱ्हाइकाचा शब्द ठेवा. ‘करटीची दवली’ हे मला कितीही गोड वाटले तरी बंगळूरूची मुलगी ‘कोकोनट शेल लेडल’ किंवा ‘वुडन सर्व्हिंग स्पून’ असेच शोधणार. शोधाच्या खिडकीत दोन शब्द टाकून खाली काय सुचवले जाते ते पाहा. ते लोकांनी खरोखर टाइप केलेले शब्द असतात. एट्सी या हस्तकलेच्या ऑनलाइन बाजारावर शीर्षकाला १४० अक्षरांची मर्यादा आहे आणि १३ टॅग, म्हणजे वस्तू शोधात सापडावी म्हणून जोडायचे शब्द, देता येतात, प्रत्येक टॅग २० अक्षरांपर्यंत. १४० अक्षरे मिळाली म्हणून ती भरायची नसतात. मोबाइलवर सुरुवातीचे मोजकेच शब्द दिसतात, तेव्हा वस्तू काय आहे ते पहिल्या पाच-सहा शब्दांत आलेच पाहिजे. टॅग मात्र तेराही वापरा, आणि तोच शब्द फिरवून फिरवून नको: एकात वस्तू, एकात साहित्य, एकात उपयोग, एकात कोणाला भेट द्यायची, एकात प्रसंग. करटी आणि दवली हे शब्द मी वर्णनात, गोष्ट सांगताना आणते. परदेशात राहणारे कितीतरी गोंयकार तेवढ्या एका शब्दावर थांबतात.

वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत गरम पदार्थाचे उत्तर येऊ द्या. माझ्या वाटीखाली लिहिले आहे: कोमट पेज, सूप, दही, फळे चालतील; उकळते ओतू नका; मायक्रोवेव्ह आणि भांडी धुण्याच्या यंत्रात घालू नका; पाण्यात भिजत ठेवू नका; धुऊन लगेच पुसा; महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचा हात फिरवा. मग साहित्य: वाटीला फक्त खोबरेल. दिव्यांना आम्ही व्हार्निश लावतो, म्हणून दिव्याच्या पानावर ‘खाण्याच्या पदार्थांसाठी नाही’ हे वाक्य सुटे, वेगळ्या ओळीत आहे. इथे भिडस्तपणा करू नका, हा कोणाच्या तरी पोटाचा प्रश्न आहे. कोणी घासली, किती वेळ लागला, ही गोष्ट त्यानंतर. लोकांना ती आवडते, पण आधी त्यांची शंका मिटली पाहिजे.

शिंपल्यांचे काम करणाऱ्या मैत्रिणींना एक आवर्जून सांगायचे आहे. शंख-शिंपल्यांच्या काही जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, नॉटिलस त्यांतलाच. किनाऱ्यावर सापडला म्हणून तो विकता येत नाही. जात ओळखल्याशिवाय लिस्टिंग टाकू नका.

किमतीबद्दल थोडक्यात. कच्चा माल, हाताचा वेळ, खोका, व्यासपीठाचे कमिशन, पोच खर्च, सगळे धरा. एट्सी दर लिस्टिंगला चार महिन्यांसाठी ०.२० डॉलर घेते आणि विक्रीवर ६.५ टक्के; पैसे हाती येण्याचे शुल्क वेगळे. पण नवख्यांना खरा फटका बसतो तो खोक्याच्या आकाराचा. कुरियरवाले वजन आणि आकारमान यांतले जे जास्त ते धरतात: सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००. माझा चार वाट्यांचा संच काट्यावर ६०० ग्रॅम भरायचा. मी तो ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात सुट्या वाट्या गुंडाळून पाठवत होते, म्हणजे हिशेबाने ३ किलो. वाट्या एकात एक बसवून मध्ये कागद घातला, तेव्हा १८ बाय १८ बाय १५ चा खोका पुरला. तो एक किलोच्या आत येतो. बांबूवाल्यांनी तर लिस्टिंग टाकण्याआधीच खोका मोजावा.

कायद्याची बाजू कंटाळवाणी आहे, पण टाळू नका. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन नियमांमुळे ऑनलाइन विक्रीतही कमाल किरकोळ किंमत, नग किंवा वजन, तयार करणाऱ्याचे नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क हे दाखवावे लागते; मूळ देशही लिहायचा असतो. जीएसटीबाबत, १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात व्यासपीठावरून विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना नोंदणीत सवलत मिळाली आहे. माल गोव्याबाहेर जाणार असेल तर पहिली ऑर्डर घेण्याआधी सीएकडे जाऊन या.

वेळापत्रक आमच्याकडे पाऊस ठरवतो. जूनपासून आभाळ भरून येते, खिडकीतला उजेड करडा होतो आणि करटीला, बांबूला बुरशी धरायला वेळ लागत नाही. म्हणून चवथ (गणेश चतुर्थी) आणि दिवाळीसाठी लागणारे सगळे फोटो मी मे संपायच्या आत काढून ठेवते, माल कडक उन्हात वाळवून घेते आणि जुलैत लिस्टिंग टाकते. पावसात जाणाऱ्या प्रत्येक खोक्यात ओलावा शोषणारी पुडी असते, आणि ‘पार्सल उघडल्यावर तासभर वाऱ्यावर ठेवा’ अशी चिठ्ठी.

वही अजून चालू आहे. गेल्या आठवड्यात नागपूरच्या एका गिऱ्हाइकाने विचारले, तेल लावलेल्या वाटीला मुंग्या लागतात का? मला उत्तर माहीत नव्हते. दोन वाट्या, एक तेल लावून पुसलेली आणि एक तशीच ओलसर, रात्रभर ओट्यावर ठेवल्या. पुसलेलीकडे एकही मुंगी फिरकली नाही, ओलसर वाटीला रांग लागली होती. दुसऱ्या दिवशी वर्णनात तेलाच्या ओळीपुढे लिहिले: ‘दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून घ्या.’